एका अब्रात वीस

नदी नाही ही. मी कागदावर नदीच लिहिते.
"खाडीत फेरी" म्हटलं की आमच्या रत्नागिरीकडच्या माणसांना
गाळ आठवतो आणि ओहोटीला रुतलेला मचवा,
आणि कोणी नाव देत नाही.

राष्ट्रीय दिनाच्या संध्याकाळी, गेली सात वर्षं,
मी आणि इक्बाल मुकादम, गाव हर्णै,
बर दुबईच्या धक्क्यावरून एक अब्रा
तासाच्या बोलीवर घेतो.
वीस माणसं. एकविसावं नाही.
यादी माझी, लाइफ जॅकेटं त्याची,
चहाच्या थर्मासवरून भांडण दोघांचं.

सोनापूरच्या कॅम्पातून येतात ते,
इस्त्रीचे शर्ट, केसांना तेल,
एखाद्याच्या लग्नाला निघाल्यासारखे.
शहर बांधायला अकरा-अकरा, चौदा-चौदा वर्षं लागली,
पण पाण्यावर बसून ते बघायला
कोणी बोलावलं नव्हतं.

या वर्षी नूरुलने इंजिन सुरू केलं
आणि शिंदाघाच्या अलीकडेच
पोलिसांची लाँच आडवी आली. निळा दिवा. थांबा.
मिरवणुकीच्या होड्या जायच्यात.
किती वेळ? हात हलला, म्हणजे बराच.
नूरुलने इंजिन बंद केलं.

आवाज गेल्यावर कळलं
आपण केवढ्या आवाजात बसलो होतो.
लाकडाला पाणी लागत होतं, टप, टप,
कोणाच्या तरी फोनवर एक पोर विचारत होतं,
"बाबा, दिसलं का?"

मग आतषबाजी सुरू झाली, आणि दिसली नाही.
मध्ये एक इमारत.
तिच्या कडांवर हिरवं उमटे, लाल उमटे,
छातीत धडधड होई,
आणि बारुदाचा वास उशिरा यायचा,
मनीऑर्डरसारखा.

मी मनात माफीचं भाषण जुळवत होते.
तेवढ्यात टेमकर बोलला. हरिश्चंद्र टेमकर,
गुहागर तालुका, सबंध फेरीत
पहिल्यांदाच तोंड उघडलं त्याने.
"ही काच माझी."
कुठली?
"ही पुरी बाजू. दोराला लटकून लावली.
बाविसाव्या मजल्यावर एक तिरकी बसली,
अजून तिरकीच आहे, बघा."

वीस डोकी वर झाली.
आम्ही बाविसावा मजला मोजत राहिलो,
कोणी एकोणीसला चुकलं, परत खालपासून,
आकाशात काय चाललंय
याचं कोणालाच काही नव्हतं.
"म्हणजे तूच आडवा आलास की रे मेल्या!"
कोणीतरी ओरडलं, आणि अब्रा
हसण्यानेच इतका हलला
की इक्बाल म्हणाला, बसा खाली, बुडवाल.

टेमकरने हात पाण्यात घातला,
बोट जिभेला लावलं.
"आमच्या धोपाव्याला भरतीला असंच लागतं,"
म्हणाला, आणि पुन्हा गप्प.

पन्नास मिनिटं थांबलो. नूरुलने त्यांचे
पैसे घेतले नाहीत. "मैं भी तो बैठा था," म्हणाला,
आणि डब्यातले मुरमुरे
चट्टग्रामच्या मोहरीच्या तेलासकट
हातोहात फिरवले.

धक्क्यावर मोजदाद. माणसं बरोबर,
जॅकेटं एकोणीस.
इक्बाल पाण्याकडे बघतोय, मी यादीकडे.
बस सुटून वीस मिनिटं झाल्यावर फोन:
"मॅडम, टेमकर बोलतोय. ते केशरी
अंगातच राहिलं. कोणी सांगितलंच नाही मला."

पुढच्या शुक्रवारी घेऊन आला. धुतलेलं,
जे कधी घडी पडत नाही
त्याची घडी घालून, वर सुतळीची गाठ.
शिट्टी मात्र नव्हती.
मी विचारलं नाही.
इक्बालने वहीत लिहिलं:
जॅकेटं वीस, शिट्ट्या एकोणीस,
आणि पुढे बरंच काही खोडलेलं.